‘ऐच्छिक’ स्नायू आपोआप हलतो तेव्हा

शालेय पुस्तकांतला स्नायूंचा पाठ बहुधा ठरावीक पद्धतीने सुरू होतो. हाडांना जोडलेले ते ऐच्छिक स्नायू, जठर-आतड्यांच्या भिंतींतले ते अनैच्छिक आणि तिसरे हृदयाचे. वर्गीकरण सुटसुटीत आहे. आमची तक्रार आहे ती नावांबद्दल.

समजा, वर्गात एखादीने विचारले, “बाई, उचकी कोणत्या स्नायूची?” उचकीत श्वासपटल एकाएकी आकुंचन पावते, लगेच स्वरयंत्राचे दार मिटते आणि आवाज होतो. श्वासपटल तर पहिल्या गटातले, म्हणजे ‘ऐच्छिक’! झोप लागता लागता अंग दचकते, डोळा लवतो, तेही याच गटातल्या स्नायूंमुळे. पाठात यांना जागा नसते. मग आठवण काढणारे मामा आणि शुभ-अशुभ डोळे ती जागा भरून काढतात.

खरे तर ‘ऐच्छिक’ हा स्नायूचा गुणच नव्हे. स्नायूला चेतातंतूवरून आलेला संदेश तेवढा कळतो. तो मेंदूतून हेतुपूर्वक निघालेला असो, मेंदूतल्या पेशींनी एकदम उसळी घेतल्यामुळे निघालेला असो, की चेतातंतूतच आपोआप उमटलेला असो, स्नायू आकुंचन पावतोच. उलटही घडते. यकृत निकामी झालेल्या रोग्याला हात पुढे ताणून धरायला सांगितले तर पंजे फडफडतात, कारण तिथे स्नायूंचा ताण क्षणभर तुटत असतो. म्हणून प्रश्न हवा तो असा : संदेश कुठून आला, की तो मध्येच थांबला?

हा निव्वळ शब्दच्छल नाही. डोळा लवण्यामागे बहुधा थकवा, अपुरी झोप किंवा चहा-कॉफीचा अतिरेक असतो. त्याची काळजी नको. पण अपस्माराचा एक प्रकार साधारण १२ ते १८ या वयात सुरू होतो. यान्त्स आणि क्रिस्टियान या जर्मन डॉक्टरांनी १९५७ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. सकाळी उठल्यावर हातांना झटके बसतात, कप निसटतो, ब्रश उडतो, पण शुद्ध जात नाही. जागरणाने झटके वाढतात, म्हणजे नेमके परीक्षेच्या दिवसांत! हात ‘ऐच्छिक’ असे शिकलेल्या घरात नि शाळेत हा मुलगा धांदरट किंवा खोडकर ठरतो आणि शिक्षा भोगतो. वास्तविक योग्य औषधांनी बहुतेकांचे झटके आटोक्यात राहतात. मात्र अपस्मारावरच्याच काही औषधांनी ते वाढूही शकतात. म्हणून झटके केव्हा, कुठे, कसे येतात हे डॉक्टरांना नीट सांगावे लागते. रोज मुलांसमोर असणाऱ्या शिक्षकाची नोंद इथे मोलाची ठरते.

तेव्हा गटांना अस्थिस्नायू, मृदू स्नायू, हृदयस्नायू ही नावे द्यावीत आणि ‘ऐच्छिक’ हा शब्द हालचालीसाठी राखावा. मग उचकीचा प्रश्न पाठाबाहेरचा राहणार नाही, आणि पेन उडालेल्या मुलाला ‘मुद्दाम केलेस का?’ असे दरडावण्याआधी आपण क्षणभर थांबू.