दृश्यकादंबरी आणि तिचें भाषांतर

परभणीच्या कृषि विद्यापीठांत शिकणारे दोन तरुण माझ्या शेजारीं राहतात. गेल्या उन्हाळ्यांत एका रात्रीं वीज गेली व आम्ही तिघेहि ओट्यावर येऊन बसलों. तेव्हां त्या दोघांत एका शब्दावरून जो वाद जुंपला तो प्रस्तुत लेखाचें निमित्त होय. शब्द जपानी होता : 'सेन्पाई'. शाळेंत किंवा धंद्यांत आपल्याआधीं आलेला जो सोबती, त्याला जपानी माणूस या नांवानें हांक मारतो. इंग्रजी भाषांतरकारानें तो शब्द गाळून त्या जागीं मुलाचें नुसतें नांव घातलें, हें एकाला पाप वाटत होतें. दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, इंग्रजींत ज्याला अर्थच नाहीं असा शब्द तसाच ठेवणें ही भाषांतराची हार होय. दोघांपैकीं कोणासहि जपानी येत नव्हती, आणि इंग्रजीहि दोघांची जन्मभाषा नव्हे. तरी ते असे भांडत होते कीं, जणूं घरच्या वाटणीचाच प्रश्न आहे. मला त्यांचें हसूं आलें नाहीं. भाषांतराविषयीं इतक्या जिव्हाळ्यानें बोलणारीं माणसें आपल्या साहित्यसभांतून मला फारशीं आढळलेलीं नाहींत.

ज्या कृतींवरून हा वाद चालला होता त्यांस 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हणतात; मी येथें 'दृश्यकादंबरी' हा शब्द योजतों. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर एका स्थळाचें चित्र असतें, त्यापुढें बोलणाऱ्या पात्राची आकृति, आणि खालच्या चौकटींत मजकूर. वाचकानें बोट दाबलें म्हणजे पुढचें वाक्य उमटतें. बहुधा पात्राचा आवाजहि ऐकूं येतो व मागें संगीत चालूं असतें. मधून मधून वाचकापुढें दोन-तीन वाटा ठेवल्या जातात, आणि तो जी निवडील तिकडे कथा वळते. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ही कल्पना अगदींच परकी वाटणार नाहीं. तेथेंहि एकामागून एक चित्र समोर धरावयाचें आणि कथा गाऊन सांगावयाची असते. फरक इतकाच कीं, रामाला वनांत न धाडण्याची मुभा तेथें श्रोत्याला नसते.

या प्रकाराचा जन्म तपासाच्या खेळांतून झाला. होरीई यूजी यांचा 'पोर्टोपिया' हा खुनाच्या शोधाचा खेळ १९८३ सालचा. पुढें १९९२ पासून चुन्सॉफ्ट या संस्थेनें 'ध्वनिकादंबऱ्या' काढल्या, आणि १९९६ सालीं लीफ या संस्थेनें आपल्या मालेस 'व्हिज्युअल नॉव्हेल' हें नांव दिलें. या वाङ्मयांत शृंगार पुष्कळ वेळां बटबटीत असतो आणि नायिका एकाच सांच्यांतून काढल्यासारख्या दिसतात, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. परंतु ज्या प्रकारांतील निवडक कृति वाचक वर्षानुवर्षें पुनःपुन्हा वाचतात, आणि ज्यांच्यासाठीं ते परकी भाषा शिकतात, त्याला केवळ पोरखेळ म्हणून बाजूस सारणें टीकाकाराला शोभत नाहीं.

इंग्रजींत हें वाङ्मय प्रथम चाहत्यांनींच मोठ्या प्रमाणावर आणलें. प्रकाशकांना त्यांत नफा दिसत नव्हता. तेव्हां यंत्राच्या पोटांतून मजकूर उकरून काढावयाचा, त्याचें इंग्रजी करावयाचें, आणि मूळ कृति विकत घेणाऱ्याला वरून चिकटविण्यासाठीं तें ठिगळ फुकट वाटावयाचें, असा उद्योग कांहीं मंडळ्यांनीं आरंभिला. टाइप-मून यांची 'त्सुकिहिमे' ही कृति २००० सालची. 'मिरर मून' या मंडळीनें तिचें इंग्रजी २००६ सालीं पुरें केलें, व पुढें २००४ सालच्या 'फेट/स्टे नाइट'चें २००८ सालीं. हें दुसरें पुस्तक मालकांकडून अधिकृत इंग्रजींत यावयाला २०२४ साल उजाडलें! सोळा वर्षें जगभरच्या वाचकांनीं तें बिनपगारी हौशी माणसांच्या भाषेंत वाचलें. कायद्याच्या दृष्टीनें हा व्यवहार परवानगीवांचूनचा होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु 'उमिनेको'सारख्या कृतीचें चाहत्यांनीं केलेलें भाषांतरच २०१६ सालीं प्रकाशकानें आपल्या आवृत्तींत घेतलें, हेंहि तितकेंच खरें.

या मंडळींत भाषांतराचे दोन पक्ष पडले, व तेच आमच्या ओट्यापर्यंत पोहोंचले. वादाला येथें एक खास धार आहे. छापील पुस्तकांत मूळ शब्द वाचकाच्या दृष्टीआड असतो. दृश्यकादंबरींत तो कानीं पडतो. खालीं इंग्रजी मजकूर, आणि वर त्याच क्षणीं जपानी नटीचा आवाज. ती 'सेन्पाई' म्हणते आणि चौकटींत निराळेंच नांव उमटतें. भाषांतरकाराची चोरी अशी उघड्यावर पकडली जाण्याचा प्रसंग दुसऱ्या कोणत्या वाङ्मयप्रकारांत येत असेल?

दुसऱ्या पक्षाची पराकाष्ठा पाहावयाची तर 'ग्याकुतेन साइबान' ही ताकुमी शू यांची वकिली कथा घ्यावी. काटेकोरपणें पाहतां तो खेळ आहे, परंतु त्याचा प्राण संवादांत आहे. मूळ कृति २००१ सालची. अलेक्झांडर स्मिथ यांनीं केलेलें इंग्रजी २००५ सालचें. मूळ नायकाचें आडनांव नारुहोदो, आणि 'नारुहोदो' म्हणजे 'अस्सं होय!' हा उद्गार. इंग्रजींत तो 'राइट' झाला. आडनांवाचें आडनांव आणि 'बरोबर' या शब्दाचा ध्वनि. गांव लॉस एंजल्स झालें, आणि नायकाची सोबतीण शेवयांच्या जपानी रस्स्याऐवजीं बर्गर खाऊं लागली. मराठी वाचकाला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. आगरकरांनीं १८८३ सालीं 'विकारविलसितां'त डेन्मार्कचा राजपुत्र आपल्या वेषांत आणला, आणि देवलांच्या १८९० सालच्या 'झुंझाररावां'त डेस्डेमोना कमळजा झाली. याला आपण रूपांतर म्हणतों, व त्याचा आपल्याला अभिमान आहे. नारुहोदोचें मराठी करावयाचें तर 'वकील खरे' यापरतें सोपें काय? आडनांव अस्सल, आणि कोर्टांत प्रत्येक वेळीं 'खरे कीं खोटे' हा विनोद फुकटचा!

तथापि रूपांतराला कोठवर पल्ला आहे, हेंहि याच मालेंत दिसून येतें. पुढल्या भागांत देवळें, मांत्रिक स्त्रिया, अस्सल जपानी खेडीं येऊं लागलीं, आणि बिचाऱ्या लॉस एंजल्सला तीं सर्व पोटांत घ्यावीं लागलीं. नाटक एका रात्रींत संपतें, म्हणून देवलांना ही अडचण आली नाहीं. 'कामाइताची नो योरु' या १९९४ सालच्या कथेचें तर २०१४ सालीं इंग्रजी करतांना बर्फांतलें तें विश्रांतिगृह जपानांतून उचलून कॅनडांत नेण्यांत आलें. बर्फ काय, कोठेंहि पडतें. परंतु 'कामाइताची' म्हणजे वाऱ्याच्या झोतांतून येऊन अंगावर कोयत्यासारखा वार करणारा मुंगुसाच्या जातीचा पिशाच्चप्राणी. त्याच्या जागीं आयर्लंडची किंकाळी फोडणारी हडळ घातल्यानें भीतीची जातच पालटली. माझ्या मतें येथें भाषांतरकारानें मर्यादा ओलांडली. उलट, मेइजी काळांतील वकिलाची 'दाइ ग्याकुतेन साइबान' ही २०१५ सालची कथा आधीं चाहत्यांनीं व मग २०२१ सालीं मालकांनीं इंग्रजींत आणली तेव्हां जपान जपानच राहिलें. नात्सुमे सोसेकी हा थोर कादंबरीकार त्यांत पात्र म्हणून येतो. त्याला कॅलिफोर्नियांत कोण नेणार?

येथवरचा वाद इंग्रजीचा झाला. मराठी वाचकानें त्यांत कोणत्या बाजूला बसावें हें ठरविण्यापूर्वीं, आपली भाषा कोणत्या बाजूला बसते हें पाहिलें पाहिजे. जपानी माणूस नांवापुढें 'सान', 'कुन', 'चान' लावतो आणि त्यांत अंतर, वय, माया सर्व सांगतो. धाकटी बहीण भावाला 'ओनीचान' म्हणते. इंग्रजी भाषांतरकार या एका शब्दापायीं घाम गाळतो; मराठींत 'दादा' म्हटलें कीं काम झालें. या कथांत एकादी मुलगी नायकाचें आडनांव सोडून त्याचें नांव प्रथम उच्चारते तो क्षण म्हणजे एक प्रकरणच असतें. इंग्रजी वाचकाला तें टिपेनें समजवावें लागतें. ज्या समाजांत नवऱ्याचें नांव घेण्यासाठीं उखाणा रचावा लागे, त्याला तें कोणी समजवावयाला नको. 'तुम्ही' सोडून 'तूं'वर येण्यांत काय काय घडतें, हें याच जिल्ह्यांतल्या गंगाखेडच्या जनाबाईला विठ्ठलाशीं बोलतांना पुरतें ठाऊक होतें.

वाक्यरचनेची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जपानी वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें, नकारहि शेवटीं. दृश्यकादंबरींत तर मजकूर अक्षराअक्षरानें उमटतो. समजा, एक पात्र सांगत आहे : 'त्या रात्रीं विहिरीपाशीं मीं तिला पाहिलें' – आणि मग, क्षणभर थांबून – 'नाहीं'. इंग्रजींत तो नकार वाक्याच्या आरंभींच फुटतो व थांबण्याला अर्थ उरत नाहीं. मराठींत वाक्य जपानीच्या पावलांवर पाऊल टाकून चालतें.

मात्र मराठीचा पक्ष घेतांना तिची उणीव झांकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जपानींत 'मी' म्हणावयाला ओरे, बोकु, वाताशी असे अनेक शब्द. 'बोकु' म्हणणारी मुलगी त्या एका शब्दानें आपला स्वभाव सांगते. आपल्याकडे सरसकट एकच 'मी'. आणि रहस्यकथेंत निवेदक पुरुष कीं स्त्री हें लपवावयाचें असेल तर जपानी लपवूं शकते, इंग्रजीहि लपवूं शकते. मराठीचें क्रियापद मात्र 'जातों' किंवा 'जातें' म्हणून तत्काळ चहाडी करतें. यावर उपाय नाहीं असें नाहीं. 'मीं दार उघडलें', 'मला भय वाटलें' अशा रचनांत बोलणाऱ्याचें लिंग कळत नाहीं. निष्णात लेखक तेवढ्यावर पन्नास पानें ओढून नेईल. परंतु एक 'मी आलों' चुकून निसटलें कीं रहस्य संपलें.

म्हणूनच हें वाङ्मय मराठींत येणार असेल तर कोणत्या वाटेनें, या प्रश्नाला मी महत्त्व देतों. शिरीष पै यांच्यामुळें हायकू मराठींत रुजली ती इंग्रजी भाषांतरांच्या वाटेनें. ती गोड झाली, पण जपानीशीं आपली गांठ पडली नाहीं. उलट मामा वरेरकरांनीं शरच्चंद्र आणले ते बंगालीतून, आणि बंगाली 'दादा'ला उंबरा ओलांडतांना वेष पालटावा लागला नाहीं. आम्हां परभणीकरांना तर या आडवाटेची आठवण घरचीच आहे. १९४८ पर्यंत निजामी राज्यांत कचेरीची आणि शाळेची भाषा उर्दू. १९१७ सालीं स्थापन झालेल्या हैदराबादच्या भाषांतर-विभागानें पाश्चात्य ग्रंथ उर्दूत केले, आणि येथल्या विद्यार्थ्यानें जग त्या खिडकींतून पाहिलें. कचेरींत उर्दू व मनांत मराठी अशा दुहेरी संसारांत याच परभणींत बी. रघुनाथांनीं लिहिलें. आजच्या मुलाची खिडकी इंग्रजी आहे, एवढाच पालट. तो इंग्रजीलाच मूळ समजून तिच्यांतल्या उणिवांवरून भांडतो, आणि ज्या उणिवा त्याच्या स्वतःच्या भाषेंत नाहींत त्यांचाहि वारसा पत्करतो. पुण्यांत जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे. तेथून कारखान्यांना दुभाषे मिळतात. कादंबरीला एक मिळूं नये काय?

त्या रात्रीनंतर महिन्याभरानें दोघे तरुण माझ्याकडे एक वही घेऊन आले. एका प्रवेशाचें त्यांनीं मराठी केलें होतें, अर्थात् इंग्रजीवरून. यंत्रांत घातल्यावर जोडाक्षरांचे पाय मोडले आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या, त्याची त्यांना फिकीर नव्हती. तें सुधारतां येईल म्हणाले. अडलें होतें 'सेन्पाई'पाशीं. वसतिगृहांत एक वर्ष पुढें असलेल्या मुलाला हे सगळे 'सर' म्हणतात, तेव्हां तोच शब्द घालावा असें एकाचें मत. इंग्रजीला जें साधलें नाहीं तें इंग्रजीच शब्दानें मराठींत साधावें, ही मौज मलाहि पटली. दुसरा म्हणाला, नायिका 'सर' म्हणूं लागली कीं ती हजेरी देत आहे असें वाटतें. मग मीं 'दादा' सुचविलें. त्यावर दोघेहि एकदम उसळले : "काका, पुढें तिचें त्याच्यावर प्रेम बसायचंय!" वहींत त्या जागीं अजून कोरी जागा आहे.