शोभेचं चित्र आणि कोरा कागद

‘शोभेचं’ हा शब्द आपण चित्राला नावं ठेवायला वापरतो. अमूर्त चित्र असेल तर विचारूच नका. सोफ्याच्या कव्हरला मॅच झालं की विषय संपला! मला हा निकाल घाईचा वाटतो. त्याची किंमत कागदाला मोजावी लागते, कारण शोभेच्या वस्तूची काळजी कोण घेतं?

आपल्या रायगडातलंच उदाहरण बघा. प्रभाकर बरवे १९३६ साली अलिबागजवळच्या नागावात जन्मले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्यावर त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. १९६०च्या दशकातली सुरुवातीची काही वर्षं ते वाराणसीत होते. काम कापडाच्या डिझाइनचं, म्हणजे उघडउघड शोभेचं. तिथेच तांत्रिक आकृत्यांशी त्यांची ओळख झाली आणि ती त्यांच्या चित्रांत उतरली. नक्षी आणि ‘खरी कला’ यांच्यातली भिंत इतकी पक्की नसते.

रोह्याला आमच्या हॉलमध्ये कागदावरचं एक अमूर्त चित्र आहे. सही लागत नाही. बाजारात त्याला भाव नाही, फ्रेमच महाग असेल. डावीकडचे निळे पट्टे एकाच रुंदीचे आहेत, सवयीने ओढलेले. तिथे चित्र खरंच नुसतं सजावटीचं आहे. उजवीकडे मात्र पातळ गेरू आपला आपण पसरू दिलाय आणि मधली जागा कोरी सोडलीय. तो पांढरा रंग लावलेला नाही, तो कागद आहे. कागद पिवळा पडला की चित्रातला सर्वांत उजळ रंगच जातो. म्हणून कागद सांभाळणं मला समीक्षेचंच काम वाटतं.

कुंडलिकेकाठच्या पावसाळ्यात ते सोपं नाही. दमट हवेत बुरशी धरते, तपकिरी ठिपके उठतात, कसर लागते. त्यात मागे स्वस्त पुठ्ठा आणि पुढे कागदाला चिकटलेली काच. पुठ्ठ्यातलं आम्ल कागद करपवतं, काचेआड ओल अडकते. फ्रेमवाल्याकडे आम्लमुक्त माउंट मागा आणि काच व कागदात फट ठेवायला सांगा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा थेट उन्हात चित्र लावू नका. फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. चित्र वेगळं काढून सावलीत, हवेशीर जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे.

आमच्या चित्राला मी अर्धं चांगलं म्हणेन. तो चांगला अर्धा भाग कोऱ्या कागदावर उभा आहे, म्हणून यंदा पावसाआधी माउंट बदलायचा.