स्वर्ग वर की खाली?

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'त (१६१६) ख्रिस्ती स्वर्गासाठी चक्क 'वैकुंठ' हा शब्द येतो. आमच्या वाशीमकडे वारलेल्या वारकऱ्याच्या नावाआधी 'वै.' लागतं, त्यामुळे अर्थ लगेच पोचतो. पण त्यासोबत चित्रही आपलंच येतं: जीव इथून सुटला, वर गेला. बायबलमधल्या 'प्रकटीकरणा'च्या २१व्या अध्यायात नेमकं उलट आहे. तिथे नवं यरुशलेम खाली उतरतं, देव माणसांत राहायला येतो. म्हणजे तिथली आशा नुसती जग सोडून जाण्याची नाही, ते नवं होण्याची आहे. एका विषयातली संज्ञा दुसऱ्यात नेली की जुनी गृहीतकंही सोबत जातात, हे आम्हा विज्ञानवाल्यांना रोजचंच. माझ्या मते या शब्दाने स्टीफन्सना वाचक मिळवून दिला, पण स्वर्गाची दिशा बदलली.