रंगीत निगेटिव्हचे स्कॅनिंग आणि ‘अचूक’ रंग : स्टीफन शोर यांच्या ‘अमेरिकन सर्फेसेस’च्या संदर्भात

रंगीत निगेटिव्ह स्कॅन करताना रंग अचूक यावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मात्र अचूक म्हणजे कशाशी जुळणारा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मूळ दृश्याशी, फिल्मवरील नोंदीशी, की छायाचित्रकाराने प्रथम प्रदर्शित केलेल्या छापील प्रतीशी? अमेरिकन छायाचित्रकार स्टीफन शोर यांच्या ‘अमेरिकन सर्फेसेस’ या मालिकेच्या बाबतीत हा भेद टाळताच येत नाही.

१९७२-७३ मध्ये शोर यांनी देशभर प्रवास करीत रोलाय ३५ या छोट्या कॅमेऱ्याने मोटेलमधील बिछाने, जेवणाच्या बश्या, दूरचित्रवाणी संच, भेटलेली माणसे टिपली. सहलीचे फोटो छापून घेणाऱ्या कोणत्याही ग्राहकाप्रमाणे त्यांनी प्रती कोडॅकच्या प्रयोगशाळेतून करवून घेतल्या आणि १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या लाइट गॅलरीत चौकटीविना मांडल्या. छायाचित्रकलेत कृष्णधवलाची प्रतिष्ठा असण्याच्या त्या काळात हा बाजारू रंग म्हणजे केवळ तांत्रिक अपघात नव्हता. कलाकृतीचा आशयच त्यात होता.

आता निगेटिव्हकडे वळावे. तिचा नारिंगी रंग, म्हणजे ऑरेंज मास्क, हा फिल्मवर चढवलेला सरसकट रंग नव्हे. मॅजेंटा रंगद्रव्य हिरव्याबरोबर थोडा निळा प्रकाशही शोषते, सायनमध्येही असाच दोष असतो. तो भरून काढणारी रंगीत संयुगे फिल्मच्या थरांत असतात आणि प्रतिमा उमटेल तेथे ती तेवढ्या प्रमाणात खर्च होतात. शिवाय घनता लॉगरिदमिक असल्याने नारिंगी ‘वजा’ करून भागत नाही. कोऱ्या फिल्मच्या पारगमनाने प्रत्येक रंगवाहिनीला भागावे लागते. एवढे करूनही अडचण उरते, कारण निगेटिव्ह रंगीत छपाईच्या कागदाने ‘वाचावी’ म्हणून घडवलेली असते. स्कॅनरची वर्णसंवेदनशीलता निराळी असते.

स्कॅनिंगची प्रचलित सॉफ्टवेअरे यावर सोपा उपाय योजतात : प्रत्येक चौकटीची सरासरी करड्या रंगाकडे ओढायची. शोर यांच्या संदर्भात हा उपाय घातक म्हणावा लागेल. डेलाइट फिल्मवर साध्या बल्बचा प्रकाश पिवळा आणि ट्यूबचा हिरवट उमटतो. खोल्या बदलत जातात तसा रंगही बदलतो. चौकटी सुट्या सुट्या ‘सुधारल्या’ की हा प्रवास पुसला जातो. (निर्दोष पांढऱ्या भिंतींची मोटेले पाहण्यासाठी ही मालिका कोणी उघडत नाही!) त्यापेक्षा संपूर्ण रोल एकाच स्थिर एक्स्पोजरवर, स्वयंचलित दुरुस्त्या बंद ठेवून स्कॅन करणे आणि रोलच्या कोऱ्या टोकावरून ठरवलेला एकच समतोल सर्व चौकटींना लावणे अधिक समर्थनीय ठरते.

अर्थात प्रयोगशाळेतही प्रत्येक चौकटीचा रंगसमतोल छपाईच्या वेळी ठरत असे. तेव्हा स्थिर समतोलाचे स्कॅन फिल्मशी प्रामाणिक असले, तरी लाइट गॅलरीतील प्रतींशी ते जुळेलच असे नाही. जुन्या प्रतीही निर्णायक पुरावा ठरत नाहीत, कारण त्या काळातील रंगीत कागदाची रंगद्रव्ये अंधारात ठेवली तरी उडत जातात. म्हणून संग्रहालयाने असंस्कारित स्कॅन, त्यावरून केलेली सकारात्मक प्रतिमा आणि उपलब्ध प्रतीच्या रंगांचे दिनांकासह मोजमाप ही तिन्ही स्वतंत्र जपावीत, आणि कोणती प्रतिमा कशाशी जुळवली आहे ते प्रत्येक पुनर्मुद्रणात नमूद करावे.