ढगातली कुळे

मोबाइल अ‍ॅपविषयी मराठीत होणारी चर्चा बहुधा पडद्यावरच थांबते. अ‍ॅप सोयीचे की व्यसन लावणारे, मुलांच्या हाती द्यावे की नाही, हे प्रश्न आपण हिरिरीने मांडतो. अ‍ॅपमध्ये केलेली नोंद बोट उचलताच कुठे जाते, कोणाच्या ताब्यात राहते आणि ताबेदाराने दुकान बंद केले तर काय उरते, हे प्रश्न मात्र तंत्रज्ञांचे म्हणून बाजूला ठेवले जातात. वास्तविक ते मालकी आणि वहिवाटीचे प्रश्न आहेत, आणि ती भाषा महाराष्ट्राला नवी नाही.

२०१०च्या आसपास अ‍ॅप बनवायचे तर त्याचा अर्धा भाग फोनबाहेर बांधावा लागे. सर्व्हर भाड्याने घेणे, डेटाबेस उभारणे, लॉगिनची सोय, सूचना पाठवणे, बॅकअप ठेवणे हे सारे एकट्यादुकट्या प्रोग्रामरच्या आवाक्याबाहेरचे होते. २०११ साली सुरू झालेल्या पार्स आणि फायरबेस या अमेरिकन कंपन्यांनी हे काम तयार सेवेच्या रूपात देऊ केले. त्यांच्या कोडची जोड अ‍ॅपला दिली की नोंदी थेट त्यांच्या यंत्रणेत साठू लागत. या सोयीमुळे भांडवल नसलेल्या कितीतरी जणांना अ‍ॅप बनवता आले. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

या व्यवस्थेला मिळालेले ‘क्लाउड’ हे नाव मात्र दिशाभूल करते. ढगाला पत्ता नसतो. या यंत्रणेला असतो. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली आपले मुंबई क्षेत्र सुरू केले. तिथे इमारती आहेत, वीज लागते, आणि मालक आहे.

मालक असणे म्हणजे काय, हे पार्सने दाखवून दिले. फेसबुकने एप्रिल २०१३मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि २८ जानेवारी २०१६ रोजी ती बंद करत असल्याचे जाहीर केले. मुदत एक वर्षाची होती. सर्व्हरचा कोड सर्वांसाठी खुला केला गेला, डेटा हलवण्याचे साधनही दिले गेले. व्यवसायाच्या रूढ नीतीनुसार हा निरोप सभ्यच म्हटला पाहिजे. पण प्रश्न सभ्यतेचा नव्हता. वापरणाऱ्यांच्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये पार्सचा पत्ता कोरलेला होता. अ‍ॅप बनवणाऱ्याने नवा सर्व्हर उभारला, तरी जुनी आवृत्ती जुन्याच दारावर टकटक करत राहणार. आणि ज्या अ‍ॅपचा कर्ता दुसऱ्या कामाला लागला होता, त्याच्या वापरकर्त्यांसाठी स्थलांतर करणारे कोणीच नव्हते. जानेवारी २०१७च्या अखेरीस ते दार बंद झाले. करार दोन कंपन्यांमधला होता. नोंदी तिसऱ्याच माणसाच्या होत्या.

२०१४ साली गूगलने घेतलेले फायरबेस टिकले. त्यामुळे त्याची चिकित्सा वेगळ्या अंगाने करावी लागते. इथे अ‍ॅप आणि डेटाबेस यांच्यामध्ये प्रोग्रामरचा स्वतःचा सर्व्हर नसला तरी चालते. कोणी काय वाचावे-लिहावे हे काही ओळींच्या नियमांत सांगायचे असते. नियम सैल ठेवले तर दार सताड उघडे. २०१८ साली मोबाइल सुरक्षेतील एका कंपनीच्या पाहणीत तीन हजारांहून अधिक अ‍ॅपचा डेटा असा उघड्यावर सापडला. चूक अर्थातच अ‍ॅप बनवणाऱ्यांची. पण जी सेवा ‘सर्व्हरची काळजी आमच्यावर सोडा’ असे आश्वासन देते, तिने काळजी घेण्याची सवयही मोडली, हे तिच्या हिशेबात धरले पाहिजे.

दुसरा मुद्दा बारीक, पण महत्त्वाचा. फायरबेसच्या फायरस्टोअर या डेटाबेसमध्ये नेटवर्क नसतानाही नोंद करता येते. ती फोनमध्ये थांबते आणि जोडणी मिळताच वर जाते. समजा, एका बचत गटातल्या दोघींनी नेटवर्क नसताना एकाच सदस्याची शिल्लक आपापल्या फोनवर बदलली. दोन्ही फोन जोडले गेले की जी नोंद शेवटी पोहोचेल ती राहते, आधीची पुसली जाते. कोणती खरी, हे यंत्रणा विचारत नाही. कागदी वहीत खाडाखोड तरी दिसते. प्रोग्रामरला वेगळी व्यवस्था करता येते, पण आपोआप मिळते ती ही. कोणाचा शब्द अखेरचा मानायचा, हा निवाडा अशा रीतीने गटाच्या बैठकीतून निघून एका तांत्रिक नियमाकडे जातो.

या साऱ्याला दिलेले सर्वांत विचारपूर्ण उत्तर म्हणजे ‘लोकल-फर्स्ट सॉफ्टवेअर’ हा २०१९चा निबंध. मार्टिन क्लेपमन आणि त्यांच्या सहलेखकांनी त्यात सात आदर्श मांडले. त्यांचे सार असे, की मूळ प्रत वापरणाऱ्याच्या उपकरणावर असावी आणि सर्व्हरने फक्त मदतनीस राहावे. अनेकांचे बदल एकत्र गुंफणाऱ्या डेटारचनाही त्यांनी करून पाहिल्या, आणि अडचणी प्रामाणिकपणे नोंदवल्या. निबंधाची मर्यादा दुसरीकडे आहे. त्याच्या नजरेसमोरचा माणूस लेखक, चित्रकार, अभ्यासक असा निर्मिती करणारा आहे. त्याच्याकडे बहुधा एकाहून अधिक उपकरणे असतात. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो पाण्यात पडला की सारे गेले, तिथे दूरचा सर्व्हर हाच आधार असतो. शिवाय साठवणीच्या भाड्यावर जगणारा धंदा वापरणाऱ्याला मोकळे करणारी रचना आपणहून का स्वीकारेल?

म्हणून प्रश्न कायद्याकडे वळतो. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८चा. त्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याचा हक्क तत्त्वतः मान्य झाला. अंमलबजावणीतल्या पळवाटा आपल्याला ठाऊक आहेत; तरी कुळाला दाद मागायला आधार मिळाला. अ‍ॅपमध्ये वर्षानुवर्षे नोंदी कसणाऱ्याला तसा आधार आहे काय? युरोपच्या मे २०१८पासून लागू झालेल्या कायद्यात आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात मागून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने त्याच वर्षी दिलेल्या मसुद्यात तो होता. २०२३च्या भारतीय कायद्यात माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. सोबत नेण्याचा हक्क गळला आहे. म्हणजे कुळाने शेताचे वर्णन मागावे, हवे तर शेत नांगरून टाकायला सांगावे. पीक मात्र घरी नेऊ नये.

जमिनीची उपमा एका ठिकाणी तुटते, आणि ते तुटणे इथे उपकारक आहे. जमीन एकाला द्यायची तर दुसऱ्याकडून काढून घ्यावी लागते. नोंदींची प्रत दिल्याने मालकाचे काहीच जात नाही. जमिनीचे फेरवाटप अवघड होते. हे त्याहून कितीतरी सोपे आहे. ते झालेले नाही याचे कारण तंत्रज्ञानात शोधण्यात अर्थ नाही. आपण अजून ते मागितलेलेच नाही.