एकच इच्छा

जपानी चित्रमालिका म्हटली की आपल्या कुटुंबांना डोरेमॉन आठवतो, फार तर शिनचॅन. पोर जेवत नसेल तर पडद्यासमोर बसवावे, एवढीच या कलेची आपल्या घरांतली प्रतिष्ठा. चिखलोली-बदलापूरकडून लोकलने महाविद्यालयात जाणारी आमची तरुण मंडळी मात्र मोबाईलवर निराळेच काही पाहत असतात. त्यांच्याच आग्रहावरून आम्ही 'पुएल्ला मागी मादोका माजिका' ही बारा भागांची मालिका पाहिली. २०११ साली जपानमध्ये ती प्रथम दाखवली गेली. लेखक गेन उरोबुची, दिग्दर्शक आकियुकी शिनबो.

'जादूगार मुलगी' हा जपानी बालरंजनाचा जुना प्रकार आहे. १९६६ सालच्या 'साली'पासून १९९२ सालच्या 'सेलर मून'पर्यंत त्याची परंपरा सांगता येते. साधी शाळकरी मुलगी, तिला लाभलेली अद्भुत शक्ती, दुष्टांचा पाडाव आणि शेवटी सारे गोड. उरोबुची यांनी हा साचा घेतला आणि त्यात शोकात्मिका ओतली. क्यूबे नावाचा पांढराशुभ्र, गोजिरवाणा प्राणी मुलींना म्हणतो की कोणतीही एक इच्छा मागा, ती पुरी करतो. मोबदल्यात चेटकिणींशी लढा. करार झाल्यावर पुढे उघड होते की मुलीचा आत्मा देहातून काढून एका मण्यात ठेवला गेला आहे. तो मणी निराशेने काळवंडला की ती मुलगीच चेटकीण होते. आपण ज्यांना मारत होतो त्याही कधीकाळी आपल्यासारख्याच मुली होत्या, हे त्यांना फार उशिरा कळते.

सेमिनरीत लॅटिन घोकलेल्या माणसाला शीर्षकापाशीच थबकावे लागते. 'पुएल्ला मागी' म्हणजे जादूगार मुलगी नव्हे. व्याकरणाने त्याचा अर्थ 'मांत्रिकाची मुलगी' असा होतो. ही चूक असो वा हेतू, कथेला तो अर्थ नेमका लागू पडतो. या मुली स्वतःच्या उरलेल्याच नाहीत. गटेच्या 'फाउस्ट'ची छाया तर जागोजागी आहे. सर्वांत भयंकर चेटकिणीचे नाव मात्र वाल्पुर्गिसची रात्र! आठव्या शतकातील आमच्या संत वाल्बुर्गा यांचे नाव लोकसमजुतीने चेटकिणींच्या मेळ्याला चिकटले, ते असे जपानपर्यंत पोहोचले.

मराठी वाचकाला येथे गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आठवणे साहजिक आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात वकील सुधाकर अपमानाच्या भरात पहिला प्याला घेतो आणि तेथून घसरत जातो. ॲरिस्टॉटलने ज्या प्रमादाची मीमांसा केली, तो तेथे दुर्बलतेच्या क्षणी घडतो. मादोकाच्या कथेत तो चांगुलपणाच्या क्षणी घडतो, म्हणून तो अधिक बोचतो. सायाका मागते ती स्वतःसाठी काहीच नाही. हात निकामी झालेल्या व्हायोलिनवादक मित्राचा हात बरा व्हावा, एवढेच. हात बरा होतो. मग तिच्या मैत्रिणीचे मनही त्याच मुलावर जडल्याचे कळते आणि सायाकाला स्वतःच्या अंतःकरणाचा तळ दिसतो: आपल्याला त्याचे बरे होणे हवे होते, की आपण बरे केले म्हणून त्याचे प्रेम? ती स्वतःलाच अशी कठोर शिक्षा देत जाते की अखेर तिचा मणी काळा पडतो. गर्व आणि दया एकाच इच्छेत कशी नांदतात, याचे इतके अचूक चित्रण आम्ही अलीकडच्या मराठी कादंबरीतही क्वचित वाचले.

परंतु आम्हांला खिळवून ठेवले ते क्योकोने. तिचे वडील धर्मोपदेशक. धर्मसिद्धांतात नसलेले काही सांगू लागले म्हणून बहिष्कृत झालेले, घरात अन्नान्नदशा. मुलीने इच्छा मागितली की लोकांनी बाबांचे ऐकावे. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनामंदिर ओसंडून वाहू लागले! गर्दी कशामुळे जमते हे कळले तेव्हा त्याच बापाने मुलीला चेटकीण म्हटले, दारूला जवळ केले आणि एके दिवशी कुटुंबाला संपवून स्वतःही संपला. मागे राहिली फक्त क्योको. वेदीपुढून बोलणाऱ्या आम्हा मंडळींना हा प्रसंग पाहताना आसनावर नीट बसवत नाही. समोरची गर्दी शब्दासाठी आली आहे की दुसऱ्याच कशाने ओढली गेली आहे, हे विचारण्याचे धैर्य त्या उपदेशकाला आधी झाले नाही. उत्तर मिळाल्यावर ते सोसण्याची नम्रता नव्हती. मुलीने केले ते चूकच, पण प्रेमाने केलेले. बापाला ते प्रेम दिसले नाही, स्वतःचा अपमान तेवढा दिसला.

त्या पडक्या मंदिरात क्योको सायाकाला ही हकिकत सांगते आणि सफरचंद पुढे करते. एदेनची आठवण यावी अशी योजना आहे, पण सायाका ते घेत नाही. ते आणायला पैसे कुठून आले, असे विचारते. क्योकोजवळ उत्तर नसते. दुसऱ्यासाठी काही मागायचे नाही, शक्ती स्वतःपुरती वापरायची, असे ठरवून निर्ढावलेली ही मुलगी चेटकीण झालेल्या सायाकाला एकटे सोडवत नाही म्हणून तिच्यासोबत मरण पत्करते. व्यक्तिरेखेचा विकास म्हणतात तो हा. तिला कोणी उपदेश केलेला नाही. आपल्याच जुन्या चुकीचे रूप दुसरीत पाहून ती बदलली आहे.

होमुराची गोष्ट दहाव्या भागात उलगडते. थंड, तुटक वाटणारी ही मुलगी मुळात भित्री, हृदयविकारातून उठलेली, चष्मा लावणारी. मादोकाला वाचवण्यासाठी तोच महिना ती पुन्हा पुन्हा जगते. तिच्या प्रत्येक खेपेनेच मादोकाभोवतीचा कर्माचा पाश घट्ट होत गेला, हे पुढच्या भागात कळते. स्थितिविपर्यय आणि अभिज्ञान यांचा असा संगम ग्रीक नाटककारांनाही मान्य झाला असता.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने मात्र आमचा आक्षेप आहे. आत्मा मण्यात ठेवता येतो, ही कल्पना संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणीशी जुळणारी नाही. त्यांच्या मते आत्मा हे देहाचेच रूपतत्त्व आहे, देहात ठेवलेली वस्तू नव्हे. गंमत अशी की मुलींचा आक्रोशही त्याच शिकवणीच्या बाजूने आहे. आपण प्रेत झालो, असे त्यांना वाटते. निराशेबद्दल मात्र मालिका आणि संत थॉमस एकमताचे दिसतात. निराशा हे सर्वांत घोर पाप नसले तरी माणसाला सर्वांत धोक्याचे, असे संतांनी म्हटले आहे.

११ मार्च २०११च्या भूकंपामुळे अखेरचे दोन भाग लांबणीवर पडले आणि २१ एप्रिलच्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर दाखवले गेले. त्या वर्षीची ती पवित्र गुरुवारची रात्र. योगायोगच, त्यातून भलते अर्थ काढू नयेत. पण कथेत त्याच वेळी मादोका सर्व काळांतील मुलींची निराशा स्वतःवर घेते आणि जगाच्या स्मृतीतून पुसली जाते. अनेकांनी येथे ख्रिस्ताचे नाव घेतले आहे. आम्हांला ते घाईचे वाटते. मादोका मुलींना चेटकीण होण्यापासून वाचवते, मरणापासून नाही. आणि ज्याने फसवले त्या क्यूबेला पश्चात्तापही नाही, क्षमाही नाही. क्योकोच्या बापासाठी तर कोणीच रडत नाही. तरीही एक दृश्य सुंदर आहे. सायाका मादोकासोबत बसून मित्राचे वादन ऐकते आणि ओळखते की आपल्याला खरोखर एवढेच हवे होते. पापनिवेदनानंतरची शांतता त्या चेहऱ्यावर आहे.

लहानांना ही मालिका दाखवू नये. तिसऱ्या भागातला मृत्यू फार क्रूर आहे. दहावीपुढच्या मुलांसोबत आईवडिलांनी बसून पाहावी. जमल्यास २०१३चा पुढला चित्रपटही पाहावा. त्यात होमुरा मादोकाला त्या बलिदानातून खाली ओढून आणते, आणि तेही प्रेमाच्याच नावाने.