एलाय मेला का नाही?

ऑक्टेव्हिया बटलरची ‘क्लेज आर्क’ ही कादंबरी मी आतापर्यंत पाच जणांना वाचायला दिली. त्यातल्या चौघांनी पुस्तक परत करताना थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारला: हा एलाय मेला का नाही? एकाने तर तो चिडून विचारला, जणू एलायला मीच जगवलं होतं.

आधी गोष्ट सांगते. शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना स्पॉयलरचा त्रास होतो त्यांनी इथूनच परत फिरावं. कादंबरी १९८४ सालची. प्रॉक्सिमा सेंटॉरीच्या एका ग्रहावर जाऊन आलेलं यान कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात कोसळतं. वाचतो एकटा एलाय, यानावरचा भूवैज्ञानिक. त्याच्या अंगात तिकडचा एक सूक्ष्मजीव आहे. तो माणसाच्या पेशींमध्ये घर करतो. काही माणसं त्याने मरतात. जी जगतात त्यांची ताकद वाढते, नाक-कान तीक्ष्ण होतात, कच्चं मांस आवडायला लागतं. आणि एक ओढ अनावर होते. लागण न झालेलं माणूस जवळ आलं, त्याचा वास आला, की त्याला ओरखडावंसं वाटतं. तहान लागावी तसं.

परग्रहवासी म्हटलं की आपल्याला तबकडी आठवते, हिरवट उजेड आठवतो, मोठ्या डोळ्यांचं कुणीतरी काहीतरी सांगायला आलेलं असतं. इथे कुणी काही सांगत नाही. पाहुण्याला भाषा नाही, हेतू नाही, आपल्याबद्दल राग नाही. भेट होते ती रक्तात. आणि भेट झाली हे कळेपर्यंत तुम्ही यजमान झालेले असता.

एलाय वाळवंटातल्या एका घरी पोचतो. त्या घरातली बरीच माणसं मरतात, मेडा नावाची मुलगी जगते. मग हे दोघं आणि हळूहळू जमलेले बाकीचे मिळून एक व्यवस्था लावतात. अधूनमधून हमरस्त्यावरून मोजकी माणसं पळवून आणायची, त्यांना लागण करायची, वाचतील त्यांना वस्तीत सामावून घ्यायचं. ओढ थोडी शमते आणि रोग वस्तीबाहेर जात नाही. मास्क, सॅनिटायझर आणि पत्रे ठोकलेल्या गल्ल्या पाहिलेल्या आपल्या पिढीला हे समजायला वेळ लागत नाही: ही माणसं स्वतःच कंटेन्मेंट झोन झाली आहेत. फक्त झोन जिवंत ठेवायला अधूनमधून कुणाचा तरी बळी लागतो.

म्हणून तो प्रश्न. एलायने वाळवंटात पहिल्याच दिवशी स्वतःला संपवलं असतं तर हे काहीच झालं नसतं. बटलरचं उत्तर असं की सूक्ष्मजीव त्याला मरू देत नाही; जगण्याची इच्छा आता त्याची एकट्याची राहिलेली नाही. एका मैत्रिणीच्या मते ही लेखिकेची पळवाट आहे. पात्राला अडचणीत आणायचं आणि मग ‘त्याच्या हातात नव्हतं’ म्हणून सोडवायचं. मला ते पटत नाही. बटलर एलायला सोडवत नाही. तो रोज सकाळी उठून किती माणसं पुरेशी आणि किती जास्त याचा हिशेब करतो, आणि हा हिशेब करणारा माणूस आपण आहोत हे त्याला माहीत आहे. त्याला सुटका मिळालेली नाही, काम मिळालं आहे.

पण या प्रश्नाची मला वेगळीच गंमत वाटते. कादंबरीत जगाची वाट एलाय लावत नाही. ती लावतो ब्लेक मॅस्लिन, आणि त्याच्याबद्दल चौघांपैकी एकानेही काही विचारलं नाही.

ब्लेक डॉक्टर आहे. बायको गेलेली, सोबत सोळा वर्षांच्या दोन जुळ्या मुली, रेन आणि कीरा. कीराला ल्युकेमिया आहे. एलायची माणसं या तिघांना रस्त्यात पळवतात आणि मेडा ब्लेकला ओरखडते. त्याला सगळं समजावून सांगितलं जातं: तू बाहेर गेलास तर हे जगभर पसरेल. ब्लेकचा विश्वास मात्र हॉस्पिटलवर आहे. आपण हा रोग योग्य माणसांपर्यंत पोचवू, ते उपाय शोधतील, मुली वाचतील. बाप म्हणून आणि डॉक्टर म्हणून हाच विचार बरोबर. तो पळतो. रेन मारली जाते. ब्लेक रस्त्यावर एका ट्रकखाली येतो, आणि मरण्याआधी ट्रकवाल्याला लागण देऊन जातो. संपलं. ट्रक पुढे निघून जातो.

कादंबरीची प्रकरणं आलटून पालटून येतात, एक भूतकाळातलं, एक वर्तमानातलं. एकीकडे एलायचं त्या घरी येणं आणि एकेकाचं मरणं, दुसरीकडे ब्लेकची सुटकेची धडपड. म्हणजे ब्लेक सुटला तर काय होईल हे आपण वाचत असतो, प्रेतं मोजत असतो, आणि पान उलटलं की पुन्हा मनात म्हणतो: पळ बाबा, पळ. मी म्हटलं. पाचही जणांनी म्हटलं असणार. माहिती असून इच्छा बदलत नाही. कादंबरीची बोचणी मला इथे लागते, आणि मला वाटतं एलायवरचा राग हा ती बोचणी दुसऱ्याच्या नावावर टाकण्याचा प्रकार आहे.

मला हे इतकं ठामपणे का वाटतं, तर २०२१चा एप्रिल. बाबांची औषधं गावी मिळत नव्हती म्हणून मी ती पुण्याहून घेऊन गेले. दोन दिवस घसा खवखवत होता. एसीमुळे असेल म्हटलं. टेस्ट केली असती तर रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागलं असतं आणि गोळ्या चार दिवसांच्याच उरल्या होत्या. फाट्यावर शेजारचे नाना मोटरसायकल घेऊन न्यायला आले. बॅग त्यांनीच उचलली. तीन आठवड्यांनी नाना गेले. त्यांच्या घरी त्याच सुमारास लग्नाचे पाहुणेही येऊन गेले होते, त्यामुळे कुणी मला काही म्हणालं नाही. काकू आजही चहाला बोलावतात. मी जाते.

आता तक्रारींकडे येते, कारण सगळ्याच खोट्या नाहीत. विज्ञान पातळ आहे ही तक्रार रास्त. दुसऱ्या ताऱ्याजवळचा जीव आपल्या पेशींशी इतका सहज कसा जुळतो, हे बटलर फारसं सांगत बसत नाही. आकाशातून जीव येतात का हा प्रश्न मराठी वाचकाला तसा परका नाही. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले होते. २००५च्या उड्डाणातून जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या, एकीला फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं गेलं, पण त्यांचे जवळचे नातेवाईक पृथ्वीवरचेच निघाले. त्या चिकाटीचं विज्ञान हवं असेल त्याने हे पुस्तक उचलू नये.

दुसरी तक्रार हिंसेची, आणि इथे मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने आहे. उत्तरार्धात गाड्यांतून लूटमार करत फिरणारी एक टोळी येते. बलात्कार, खून, सगळं. ही माणसं इतकी वाईट आहेत की त्यांच्याशेजारी एलाय आपोआप सज्जन दिसायला लागतो. ज्या लेखिकेने शंभरहून जास्त पानं आपल्याला ‘चांगलं कोण’ हे ठरवू दिलं नाही, तिने अचानक उत्तर हातात ठेवावं, हे खटकतं. रेनचं मरण तर टोळीच्या क्रूरतेचा पुरावा म्हणून वापरल्यासारखं वाटतं. ती जिवंत असताना तिला कीराइतकी जागाही मिळत नाही.

कीरा मात्र वाचते. तिचा ल्युकेमियाही जातो. बाहेरचं जग कोसळत असताना ती वस्तीत राहते. वस्तीत जन्मणारी मुलं चार पायांवर धावतात, माणसासारखी बोलतात, आणि त्यांच्या आयांना ती सुंदर वाटतात. बटलरची पहिली कादंबरी ‘पॅटर्नमास्टर’ (१९७६) ज्यांनी वाचली असेल त्यांनी या मुलांचे वंशज पाहिलेले असतात, तिथे ते शत्रू आहेत, जनावरं आहेत. आठ वर्षांनी बटलर मागे गेली आणि त्या जनावरांना आई दिली.

पाचवी वाचक माझी शाळेतली मैत्रीण, नर्स आहे. तिने दोन्ही लाटांमध्ये कोविड वॉर्डात ड्यूटी केली. पुस्तक परत द्यायला तिने चार महिने लावले आणि एलायबद्दल काहीच बोलली नाही, ब्लेकबद्दलही नाही. तिने विचारलं, “त्या ट्रकवाल्याच्या घरी कोण कोण होतं गं?”

मी पुन्हा पानं चाळली. लिहिलेलं सापडलं नाही.